कामाच्या जागी ख्रिस्ती म्हणून वागणे: रोटा, काटा, पगार आणि खंडेनवमी

खाजनकाठ (धागाकर्ता)

नाताळ जवळ आला की गोव्यातल्या ख्रिस्ती नोकरदारांत एकच प्रश्न फिरतो: रविवारी ड्यूटी लागली तर मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, काय? प्रश्न रास्त आहे, त्यावर बोलूच. पण माझ्या मते कामावरचा विश्वास खरा कसाला लागतो तो दुसऱ्याचा वेळ किंवा पैसा आपल्या हातात आला की. ड्यूटी लावणारा, माल उतरवून घेणारा, पगार काढणारा, परवान्याच्या मागे फिरणारा, या चौघांबद्दल इथे नेमकी माहिती गोळा व्हावी.

बायबलातले कलस्सैकरांस 3:23 (जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा) सगळ्यांना पाठ असते. तीनच वचने पुढे, 4:1 मध्ये, मालकांना उद्देशून न्याय्य आणि समान वागणूक द्या असे आहे. ते सहसा कुणी फ्रेम करून लावत नाही. लूक 3 मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात. तो त्यांना धंदा सोडा म्हणत नाही, नेमून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना सांगतो, कुणाला धमकावून पैसे काढू नका आणि आपल्या पगारात समाधान माना. चर्चा याच पातळीवर ठेवू: अमुक जागेवर अमुक माणसाने काय करायचे. स्वतःच्या साक्षी, म्हणजे विश्वासाचे अनुभव, कृपया वेगळ्या धाग्यावर.

आठवडी_रजा

रोट्यापासून, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकापासून, सुरुवात करतो. हॉटेलात पुढच्या आठवड्याचा रोटा बहुधा गुरुवार-शुक्रवारी लागतो. तो लागल्यावर मागितलेली रजा म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी ठरलेली सुट्टी मोडणे. म्हणून मागणी बुधवारपर्यंत, लेखी, आणि जेवढी लागते तेवढीच. मिस्साला सव्वा तास आणि येण्याजाण्याचा वेळ लागतो, पूर्ण दिवस लागत नाही. "रविवारी सुट्टी द्या" यापेक्षा "रविवारी मला दुपारची शिफ्ट द्या, सकाळी साडेदहापर्यंत मी चर्चमधून मोकळा होतो" हे कोणत्याही शेफला मान्य करायला सोपे.

कॅथलिकांसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, चर्चच्या कायद्याचे कलम (कॅनन) 1248. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 2187 स्पष्ट म्हणतो की उपाहारगृहे, सार्वजनिक सेवा यांत काहींना रविवारी काम करावेच लागते, फक्त त्यांना पुरेशी विश्रांती मिळेल हे सगळ्यांनी पाहावे. म्हणजे रविवारी नाश्त्याचा काउंटर सांभाळणारा पापी ठरत नाही. मात्र तो काउंटर लावणाऱ्या ख्रिस्ती मॅनेजरवर जबाबदारी येते: त्याच माणसाला लागोपाठ चार रविवार देऊ नये.

सगळ्यात जास्त बिघडते ते खोट्या आजारपणामुळे. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचा सण, पहाटे फोन येतो की पोट दुखते, आणि नाश्त्याला दोन माणसे कमी पडतात. त्या दिवशी सरकारी सुट्टी असली तरी हॉटेल भरलेले असते. चर्चला जाण्यासाठी खोटे बोलायचे आणि त्याचा भार भांडी घासणाऱ्या पोरावर टाकायचा, यात भक्ती कुठे आली? नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस असते आणि मिस्सा पहाटेपासून असतात. त्यातला एखादा दिवस आधीच मागून घेता येतो.

आणि अदलाबदल. गोव्यात याची सोपी सोय आहे: चवथीचे दोन दिवस तुम्ही हिंदू सहकाऱ्याची ड्यूटी करा, नाताळची पूर्वसंध्या आणि 25 तारीख तो करेल. पण चवथ आणि नाताळ यांच्यात तीन-चार महिने जातात, तेवढ्यात सुपरवायझर बदलतो, सहकारी नोकरी सोडतो, आणि तोंडी ठरलेले विरते. म्हणून दोन्ही तारखा, दोन्ही शिफ्टा, दोघांच्या सह्या एकाच वेळी ड्यूटीच्या वहीत. क्लोजिंग करून रात्री साडेबाराला सुटलेल्या माणसाला सकाळी सहाची शिफ्ट येत नाही ना, हेही तिथेच बघा. भाजण्या-कापण्याचे अपघात अशाच सकाळी होतात.

निळे_फाटक

सलाम. रजादादा, तुमची शनिवारची सोय आम्हा प्रॉटेस्टंटांना लागू होत नाही. छोट्या मंडळ्यांची उपासना रविवारी सकाळी एकदाच असते, बऱ्याचदा भाड्याच्या हॉलमध्ये, आणि हॉल बारा-साडेबाराला सोडावा लागतो. तिथे दुसरी पाळी नाही.

यावर चालणारा तोडगा म्हणजे कुणालाच नको असलेली शिफ्ट आपण कायमची घेणे. रविवारी रात्रीची क्लोजिंग, किंवा सोमवारी पहाटेचा माल उतरवणे. सवलत मागताना तिची किंमत आपणच पुढे ठेवली की सहकाऱ्यांच्या मनात अढी राहत नाही. ब्रेक शिफ्ट असेल, म्हणजे सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास, तर फार कठीण पडते. सकाळचा तुकडा नेमका उपासनेवर येतो. अशा वेळी पाळकांशी बोलून हॉटेलवाल्यांसाठी सोमवारी दुपारी तीनला छोटी संगती (प्रार्थनासभा) ठेवता येते, कारण ब्रेक शिफ्टची माणसे तेव्हा मोकळी असतात. पाळकांनीही हंगामात गैरहजर राहणाऱ्याला "विश्वासात थंडावला" म्हणण्याआधी त्याचा रोटा विचारावा.

काटा_आणि_क्रेट

माल घेणाऱ्याबद्दल लिहितो, कारण यावर प्रवचनात कधी कुणी बोलत नाही आणि शास्त्रात मात्र भरपूर आहे. लेवीय 19:35-36, अनुवाद 25:13-15, नीतिसूत्रे 11:1 आणि 20:10. अनुवादात पिशवीत दोन वजने ठेवू नका असे आहे, एक घ्यायचे, एक द्यायचे. आज पिशवी नाही, इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पण दोन वजने तशीच आहेत.

समजा सुंगटांचा (कोळंबीचा) क्रेट आला. काटा 22.4 किलो दाखवतो. क्रेट 1.9 किलो, म्हणजे माल 20.5. आता तो माल भोकांच्या टोपलीत काढून पाच मिनिटे तिरपा ठेवा, बर्फ बाजूला करा, पुन्हा तोला. 18.7 भरतो. मधले 1.8 किलो पाणी होते. 450 रुपये दराने 810 रुपये, एका क्रेटमागे. स्टोअरवाला हे न करता 20.5 वर सही करतो तेव्हा तो मालकाचे 810 रुपये देऊन टाकतो, बहुतेक वेळा आळसाने, कधी कधी पाकिटासाठी. जून-जुलैत ट्रॉलरबंदी असते, मासळी राज्याबाहेरून येते आणि बर्फ जास्त असतो, तेव्हा फरक वाढतो.

पण मला जास्त खुपते ती उलटी बाजू. नेहमीच्या मोठ्या पुरवठादाराचा माल पाण्यासकट घ्यायचा आणि दारात टोपली घेऊन आलेल्या मासळीवाल्या बाईच्या वजनातून "पाण्याचे" म्हणून सरसकट दोन किलो कापायचे. तिने टोपली निथळून आणलेली असते, तरीही. ही झाली पिशवीतली दोन वजने. निथळायचे तर दोघांचे निथळा, पाच मिनिटे दोघांना.

रोजचा क्रम असा ठेवा:
- काटा सपाट जागेवर, पातळीचा बुडबुडा मधोमध, वरचा पंखा बंद. वाऱ्याने हलका माल 20-30 ग्रॅम इकडेतिकडे दिसतो.
- रिकाम्या काट्यावर शून्य. मग शिक्क्याचे 5 किलोचे वजन मध्ये आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्याला फरक पडला तर तेवढ्यासाठी दुरुस्तीवाल्याला बोलवा, "मध्येच ठेवा म्हणजे झाले" असे करू नका.
- क्रेटचे वजन प्रत्येक वेळी घ्या. आधीच्या क्रेटचे वजन वजा करून ठेवलेले तसेच राहते, आणि ओला क्रेट कोरड्यापेक्षा जड असतो.
- निथळलेले वजन विक्रेत्याच्या डोळ्यांसमोर, आवक वहीत त्याच्या सहीसह.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दर 12 महिन्यांनी लागतो. मुदत संपलेल्या काट्यावर तोलून पुरवठादाराशी भांडायला तोंड राहत नाही.

बिंबल

काटादादा, देव बरें करूं. नाताळच्या भेटींचे काय? पुरवठादार बेबिंका, दोदोल, नेवऱ्या अशा मिठाईची थाळी पाठवतात ती परत करणे बरे दिसत नाही.

काटा_आणि_क्रेट

बिंबलताई, थाळी परत करू नका. स्टाफरूमच्या टेबलावर ठेवा, सगळे खातील. टेबलावर ठेवता येत नाही ते परत करायचे: पाकीट, बाटल्यांची पेटी, मुलाच्या फीची "मदत". परत करताना त्याच दिवशी, सोबत दोन ओळींचे पत्र आणि त्याची प्रत मॅनेजरला. पाकीट नुसते तोंडी परत केले तर दिल्याघेतल्याचा वाद पुढे होऊ शकतो. आणि टिपांची पेटी असेल तर तीत भांडी घासणाऱ्याचा वाटा धरलेला आहे का तेही या निमित्ताने बघा. पेटी तिघांनी मिळून उघडायची, रक्कम तिथेच लिहायची, वाटप त्याच आठवड्यात.

पगारपत्रक

लेवीय 19:13, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. याकोब 5:4, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. ख्रिस्ती मालक, मॅनेजर, ठेकेदार, घरी बाई ठेवणारे, सगळ्यांना हे लागू. 15 मे 1891 रोजी पोप लिओ तेरावे यांनी रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक काढले ते याच दुखण्यावर: मजुराने नाइलाजाने कमी पगाराला होकार दिला म्हणून तो पगार न्याय्य ठरत नाही. धर्मशिक्षण ग्रंथातही, परिच्छेद 2434, तेच आहे.

आता कायद्यात आणि व्यवहारात. नवी वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. नोकरी सोडली किंवा काढले तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. ओव्हरटाइम दुप्पट दराने. प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) यांची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे. ईएसआयला कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25.

घोळ होतो तो इथे: कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाते आणि भरली जात नाही. हंगाम संपला, खोल्या रिकाम्या, हातात रोकड नाही, म्हणून "दोन महिन्यांनी भरू". ती रक्कम कामगाराची आहे, आपल्या खात्यात फक्त थांबलेली आहे. तिच्यातून विजेचे बिल भरणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने बिल भरणे. आजारी पडल्यावर बाई ईएसआय दवाखान्यात जाते आणि तिथे वर्गणीच दिसत नाही, तेव्हा ते उघडे पडते. उपाय कंटाळवाणा आहे: कापलेली वर्गणी पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका.

दुसरे, उचल. झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून येणाऱ्या माणसाला सुरुवातीला उचल लागते. ती द्यावी. पण ती फिटेपर्यंत आधारकार्ड मालकाच्या कपाटात, हे चालणार नाही. उचल किती, महिन्याला किती कापणार, कधी संपणार, हे त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून एक प्रत त्याच्याकडे. नाताळला स्टाफला केक वाटणे चांगलेच, पण आधी 7 तारीख पाळा.

वेर्णा_शिफ्ट_बी

कारखान्याकडे वळू का? वेर्णा, कुंडई, मडकई, सगळीकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. नवीन ख्रिस्ती मुले दरवर्षी गोंधळतात. काही जण त्या दिवशी दांडी मारतात, काही जण प्रसाद घेऊन कचऱ्यात टाकतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार वाईट.

पौलाने 1 करिंथकरांस 10:25-29 मध्ये नेमका हाच प्रसंग सोडवला आहे. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा. कुणी मुद्दाम सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणून आमच्या मंडळीत आम्ही सांगतो: प्रसाद नम्रपणे नाकारा, दोन्ही हात जोडून, हसून, आणि तिथे कारण सांगत बसू नका. कारण शॉप फ्लोअरच्या प्रमुखाला आठ दिवस आधी सांगून ठेवलेले असावे. आदल्या दिवशीच्या साफसफाईत मात्र सगळ्यांत पुढे राहा. यंत्र तेलपाणी करून लखलखीत करणे यात विवेकाला टोचण्यासारखे काही नाही. मी तर म्हणेन त्याच दिवशी यंत्रांची संरक्षक झाकणे (गार्ड) जागेवर आहेत का, इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर यंत्र खरेच थांबते का, अर्थिंग ढिले नाही ना, हे तपासून यादीवर सही करा. अनुवाद 22:8 मध्ये नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधा, कुणी पडून मेला तर दोष तुझ्यावर, असे आहे. प्रेसचा गार्ड म्हणजे तो कठडा.

पूजेच्या वर्गणीत जेवणाचा खर्च असतो, तेवढा भाग द्या. जेवायला बसायचे आणि वर्गणी द्यायची नाही, हे शोभत नाही.

खाजनकाठ

वेर्णादादा, प्रसादाबाबत कॅथलिकांत सगळे असे वागत नाहीत. गोव्यात पिढ्यान्पिढ्या शेजारी चवथीला नेवऱ्या देतात आणि नाताळला घेतात, त्यामुळे मिठाई शेजाऱ्याची म्हणून घेणारे बरेच आहेत. आरतीत भाग घेणे निराळे, ते टाळावे, याबाबत आपले एकमत. रोमकरांस 14 प्रमाणे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला कमी लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. 2 राजे 5 मधला सेनापती नामान आपल्या राजाला हाताचा आधार देत रिम्मोनाच्या देवळात वाकतो, त्याला संदेष्टा अलीशा "शांतीने जा" म्हणतो. नोकरीच्या नात्याने पूजेला हजर राहावे लागणाऱ्याला हे वचन उपयोगी आहे.

एक जोड हवी. नव्या विभागाच्या उद्घाटनाला फादरांना बोलावून आशीर्वाद घेतला जातो, तेव्हा ख्रिस्ती मॅनेजरने हिंदू-मुसलमान कामगारांना हजेरी सक्तीची करू नये. आपल्याला खंडेनवमीला मागे उभे राहण्याची मोकळीक हवी असेल तर ती इथे द्यायला हवी.

निळे_फाटक

त्यालाच धरून साक्ष देण्याबद्दल, म्हणजे सहकाऱ्याला आपला विश्वास सांगण्याबद्दल. संविधानाचा अनुच्छेद 25 धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य देतो. पण ज्याची बढती, रजा, मूल्यमापन आपल्या सहीवर आहे त्याच्याशी आपण होऊन धर्माचा विषय काढू नये. तो "नको" म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या "हो"लाही अर्थ नाही. 1 पेत्र 3:15 मध्ये विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, तेही सौम्यतेने, असे आहे. आधी त्याने विचारायला हवे. कामाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज वचन टाकणे बंद करा. तिथे शिफ्टचे निरोप वाचायला माणसे येतात. विचारले तर कामाच्या वेळेबाहेर, चहावर, मनमोकळे बोला.

तिसवाडी_परवाना

लाचेचे राहिले. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच सुटका. मध्यस्थाच्या बिलात "इतर खर्च" लिहून भागत नाही, धर्मशिक्षण ग्रंथाचा 2409 वा परिच्छेद खोट्या बिलांना चोरीतच धरतो.

न देता काम करायचे तर वेळ हाताशी हवा. शॅकचा (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळीचा), खानावळीचा, अग्निशमनाचा परवाना संपायच्या दोन महिने आधी अर्ज. सगळी कागदपत्रे क्रमाने लावून वर यादी, आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. गोव्यात 2013 चा सेवा मुदतीत देण्याचा कायदा आहे, त्या सेवेला किती दिवस ठरलेत ते बघून मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लेखी स्मरणपत्र. तरीही फाइल हलली नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज: माझी फाइल कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर आहे. उत्तराला 30 दिवस. फाइल बहुधा त्याआधीच हलते. शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्याला यातले काहीच जमत नाही, आणि पाकीट तिथेच बाहेर येते.

बिंबल

कसिनोत नोकरी करावी का, हेही पुष्कळ जण विचारतात.

खाजनकाठ

धर्मशिक्षण ग्रंथ 2413: जुगाराचा खेळ मुळातच अन्याय नाही, पण माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या गरजेचे त्यात जाऊ लागले की तो अमान्य. फसवणूक कायम पाप. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या याहून कडक आहेत. कसिनोच्या बोटीवर स्वयंपाक किंवा वायरिंग करणारा आणि हरलेल्या माणसाला आणखी पैसे लावायला भरीस पाडणारा यांच्यात फरक आहे. असे भरीस पाडणे ज्याच्या नोकरीचा भाग आहे त्याने दुसरी नोकरी शोधायला लागावे, असे माझे स्पष्ट मत. घर चालवत शोधावे, राजीनामा आधी टाकून नव्हे.

पगारपत्रक

एक धोक्याची सूचना, कारण हे चर्चच्या माणसांकडूनच होते. सहकाऱ्याशी भांडण झाले की मत्तय 18:15-17 सांगितले जाते: आधी एकांतात बोला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीत. उसने पैसे, कामाची चोरी, तोडून बोलणे यांना हा क्रम चांगला आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीला तो लावू नका. त्या बाईला त्या माणसासमोर एकांतात बसवणे म्हणजे तिला पुन्हा त्याच्या तावडीत देणे.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसे असलेल्या जागी अंतर्गत समिती हवी. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत. समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच, आणि पैसे घेऊन मिटवणे समेटाचा आधार होऊ शकत नाही. "क्षमा कर" असा निरोप घेऊन जाणाऱ्या फादर-पाळकांनी आणि वडीलधाऱ्यांनी आधी हे वाचावे. क्षमा तिची, तिच्या वेळेने. चौकशी समितीची.

बिंबल

आणि शॅकवर पाच-सहाच माणसे असतील तर? तिथे समिती कुठली?

पगारपत्रक

मग जिल्ह्याची स्थानिक समिती. आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर दहापेक्षा जास्त माणसे असली तरी तिथेच जायचे. घरकाम करणाऱ्या बाईसाठीही हीच समिती. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे, त्यामुळे कुणाकडून टाइप करून आणायला तिला परत पाठवले तर तिथेच हे सांगा. तारखा, वेळा, कोण हजर होते आणि फोनवरचे संदेश मात्र आजच वेगळे उतरवून ठेवा, संदेश पुसू नका.